फुललेल्या बागेची चादर

कुर्डुवाडी, १२ मार्च २०२५

दादास गोजाचा नमस्कार.

खुशाली विचारायची आज इच्छा न्हाय. तुला फोनवर ऐकू येत न्हाय म्हणून लिहिते. चाळीस वर्सं चादरीच्या मागांच्या खडखडाटात काढलीस, त्यात कान गेले ते गेले. आता अक्कलबी गेली का, एवढंच इचारायचं हाय.

आपल्या संस्कृतीला शाळेची ऑर्डर आली. तुमच्या सोलापुरातच, चित्रकलेची मास्तरीण म्हणून. पाच एप्रिलपर्यंत हजर व्हायचं, न्हाईतर जागा दुसऱ्याला. आईबापाविना नात वाढवली, ह्यांच्या रेल्वेच्या पेन्शनीवर शिकवली. घास तोंडाशी आला आणि मंगळवेढ्याची विहीण म्हणती, पाठवणार न्हाय. का? तर तुझी चादर.

काल फोनवर मला लई बोलली. म्हणाली, "पांढऱ्या फटक कापडावर काळी जळकी झाडं. नव्या नवरीच्या बिछान्यावर मसणवटीचं चित्र? ह्ये जिला आवडतं ती दुसऱ्याच्या पोरांना काय शिकवणार? नगं आमाला तसली नोकरी." मी काय बोलणार? लग्नात मी तर घडी घातलेलीच बघितली. वरून तू डबल गाठ मारलेलीस, जणू आत सोनं हाय.

साधी मोर-कमळाची चादर दिली असतीस तर तुझं काय जात होतं? आख्खी दुनिया सोलापूरची मोर-कमळाची चादर घेती आणि सुखानं झोपती. तुलाच म्हातारपणी विलायती झाडं लावायची हौस. तुझी कला झाली आणि माझी पोर घरात बसली. आता हे तूच निस्तर.

गोजा

•

सोलापूर, १५ मार्च २०२५

चि. गोजास आशीर्वाद. दात-ओठ खाऊन देतोय, तरी घे.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. आधी एक सांगतो. कान माझे ठणठणीत आहेत. फोन बिघडलाय.

आता चादरीचं. दिवाळीआधी संस्कृती लग्नाच्या चादरीसाठी म्हणून कॉलेजच्या पुस्तकातल्या एका चित्राची रंगीत प्रत घेऊन माझ्याकडे आली. फ्रान्स देशातलं, दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र. थंडी सरलीय, झाडं नुकती फुललीत, पानं अजून यायचीत. मागं दोन-चार घरं, मधून एक पायवाट. मी म्हणालो, हा तर शेवगा. पोरगी पोट धरून हसली. म्हणाली, मामाआजोबा, फळझाडं आहेत ती, तिकडं वसंत आला की अशी फुलतात. असेनात का.

चष्मा पुसून जवळून बघितलं तर ना फूल ना फांदी, नुसते रंगाचे ठिपके. कुणी घाईत ब्रश झटकावा तसे. मग कागद हात लांब करून धरला, तर अख्खी बाग डोलायला लागली. गोजे, अंगावर काटा आला माझ्या. जन्मभर मी दुसरं काय केलंय? चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, आणि लांबून बघणाऱ्याला त्यात मोर दिसायचा. मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. हा गडी तिकडं तेच करत बसला होता.

चादरीची नक्षी एरवी अर्धीच काढतात. उरलेली अर्धी माग आरशासारखी फिरवून विणतो. पण झाडं काही आरशात बघून उगवत नाहीत. म्हणून मी पुरी बाग काढली. चार महिने जमिनीवर कागद पसरून ओणवा बसलो, गुडघ्यांनी राजीनामा दिला. आपल्या नरसय्या विणकरानं त्या नक्षीबरहुकूम मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली आणि पूर्व भागातल्या त्याच्या शेडमधल्या जुन्या मागावर ही एकच चादर विणली. दुसरी जगात नाही.

आणि तुला वाटतं, मी पांढऱ्यावर काळी झाडं काढली? अगं, गडद निळ्या आभाळावर पांढरा बहर आहे तो. तुझ्या विहिणीनं चादर उलटी अंथरलीय! आपली चादर दुहेरी विणीची. सुलट बाजूला जे पांढरं, ते उलट बाजूला निळं, आणि निळं ते पांढरं. पालथी घातली की फुलं काळवंडणारच. भांडं पालथं घालून वर पाणी ओतायचं आणि कुंभाराला शिव्या द्यायच्या, त्यातली गत.

त्यांना आजच कार्ड टाकलंय. काठाच्या पट्टीवर विणलेलं संस्कृतीचं नाव ज्या बाजूनं सरळ वाचता येतं ती सुलट बाजू, हे बाण काढून दाखवलंय. चादर सुलट करा आणि पोरीला नोकरीवर पाठवा, असंही लिहिलंय. संपला विषय. मला अक्कल विचारतेस, ती आधी विहिणीला विचार.

हिंदुराव

•

मंगळवेढा, २० मार्च २०२५

ती. मामाआजोबांना संस्कृतीचा नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. सासूबाईंनी ते शेजारच्या चार बायकांत वाचून दाखवलं. बाणाच्या खुणेला तर दोनदा हसल्या. मी तिथंच चहा देत होते. तुम्ही चिडू नका, असं मी लिहिणार नाही. चिडा.

चादर उलटी नव्हती, आजोबा. लग्नानंतर तीन आठवडे ती सुलटच अंथरलेली होती. माहेरचं काय आलं ते बघायला येणाऱ्या बायकांना सासूबाई स्वतः उलगडून दाखवायच्या. "सुनंच्या आजोबानं काढलीया, बाजारात न्हाय मिळायची." सात तारखेला माझी ऑर्डर आली. पाकीट अजून माझ्या हातात होतं. सासूबाई खोलीत गेल्या, चादर ओढून पालथी घातली, आणि मग सगळ्यांना बघायला हाका मारल्या. माझ्यासमोर. म्हणजे खरं काय आहे ते मला कळावं आणि तरी मला काही म्हणता येऊ नये.

मी म्हटलं. ही उलटी बाजू आहे, हे तुम्हालाही माहीत आहे, असं म्हटलं. तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "चादरीचं सोड. तुझ्या आजीनं सुपारी फुटताना शब्द दिलाय. लग्नानंतर पोरगी घरातच राहील. आमी फसवलं न्हाय कुणाला."

आजोबा, मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी लग्नाआधी मुलाखत देऊन आले होते, आजीनंच निघताना हातावर दही घातलं होतं. तिला फोन करून विचारलं तर ती तुमच्या चादरीवरच घसरली. शब्दाचं नाव काढलं की फोनला आवाज येत नाही म्हणते.

अभिमन्यू म्हणतो, मोठ्यांनी ठरवलंय त्यात मी काय बोलू. त्याला वाईट वाटतं. त्याच्या वाईट वाटण्याचं मी काय करू?

ते चित्र मी सतराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं, पानं सुटलेल्या पुस्तकात. त्या चित्रकाराला आणि त्याच्या सोबत्यांना लोक तेव्हा हसायचे. हे काय अर्धवट, आधी चित्र पुरं करा, म्हणायचे. मला मात्र वाटलं, वसंत येतो तो असाच येतो, अर्ध्या झाडावर आधी आणि अर्ध्यावर नंतर. हे मुलांना दाखवायचं, एवढंच मला करायचं होतं. मुलांना फक्त डोंगरामागचा सूर्य काढता येतो, मामाआजोबा. मलाही तेवढाच येत होता.

पाच तारखेला आता पंधरा दिवस आहेत. मला इकडे पत्र पाठवू नका, ते आधी फोडलं जाईल.

संस्कृती

•

सोलापूर, २३ मार्च २०२५

गोजे,

आशीर्वाद नाही. लायकी असेल तेव्हा मागून घे.

पोरीचं पत्र आलं. मी चादरवाला माणूस, मला प्रत्येक भांडणात उलटी-सुलटी बाजूच दिसते. म्हणून मी येड्यासारखा बाण काढत बसलो, आणि त्या चार बायका मला हसल्या. हसू देत. पण तुला सगळं माहीत होतं. नोकरी चादरीपायी अडली नव्हती, तुझ्या जिभेपायी अडली होती, आणि तू मला पानभर शिव्या लिहून मोकळी झालीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

सुपारी फुटली त्या बैठकीला मी होतो. पहिल्या चहापासून निरोपाच्या नारळापर्यंत तुझ्या शेजारी बसलो होतो. माझ्या देखत असला शब्द कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही. म्हणजे माझ्या माघारी, चुलीपाशी, चोरून दिलास. एका हातानं पोरीच्या तळव्यावर दही घातलंस आणि दुसऱ्या हातानं तिच्या पायात खोडा.

ती काय तुझी शेळी होती, बाजारात दोर बदलून द्यायला? जिच्या नोकरीचा शब्द द्यायचा तिला एकदा विचारावं, एवढंही तुला सुचलं नाही? आणि आता ती विचारते तर फोनला आवाज येत नाही? निदान माझा बिघडलेला फोन तरी उसना घेऊ नकोस.

चार महिने मी ज्या पोरीसाठी फुलं भरत होतो, तिला तू आधीच विकून बसली होतीस. मला तुझं तोंड बघायचं नाही. पाडव्याला येणार होतीस, येऊ नकोस.

हिंदुराव

•

कुर्डुवाडी, २६ मार्च २०२५

दादा,

पाडव्याला येत न्हाय. तुझी पुरणपोळी तूच खा.

व्हय, दिला शब्द. लपवला, हेबी खरं. का दिला ते ऐक. आधीची तीन ठिकाणं मोडली ती तुला आठवत नसतील, कारण तवा तू कागदावर मोर काढत होतास. पोरगी अठ्ठावीसची, वर बाप न्हाय, भाऊ न्हाय. मी सत्तरीची. रात्री छातीत कळ आली की पहिलं मनात येतं, आज मी गेले तर ही कुणाची? हे ठिकाण चांगलं होतं. पोरगा निर्व्यसनी. विहिणीनं इचारलं, नोकरी करायची न्हाय ना? मी म्हणाले, न्हाय. मनात म्हणाले, एकदा लग्न होऊ दे, मग बघू, माणसं काय दगड असतात का. तर निघाली दगड.

विकली म्हणतोस. हा शब्द मी मरेपर्यंत इसरणार न्हाय.

पण चोरून दिला म्हणतोस ते मात्र खोटं हाय. चुलीपाशी न्हाय, भर बैठकीत दिला. तू माझ्या उजव्या हाताला होतास. विहिणीनं मला इचारल्यावर तुझ्याकडं तोंड करून इचारलं, "मामा, तुमचं काय म्हणणं?" आणि तू मान हलवलीस. एकदा न्हाय, तीनदा. वर हसलास. मला वाटलं, दादानं कबूल केलं, मग मीच कशाला मागं सरू. खरं सांगते, तुझी मान हलली नसती तर माझी जीभ अडखळली असती.

तुला ऐकू येत न्हाय हे साऱ्या सोलापूरला ठाऊक हाय, एक तू सोडून. कुणी वाढदिवस सांगितला तरी मान हलवतोस, कुणी मेलेलं सांगितलं तरी मान हलवतोस. फोन बिघडलाय म्हणे. आठ वर्सं बिघडलाय? त्या दिवशी "मोठ्यानं बोला" एवढं म्हणायला तुझी लाज गेली असती का? मग पोरीला विकली ती एकट्या गोजानं का?

आता मान हलवू नकोस. वाच आणि गप बस.

गोजा

•

कुर्डुवाडी, १ एप्रिल २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं न्हाय. सहा दिवस वाट बघितली. म्हणजे लागलं असंल. लागू दे.

काल एसटीनं मंगळवेढ्याला जाऊन आले. कुणाला सांगितलं न्हाय. विहीण सोप्यात ज्वारी निवडत बसलेली. मी पाणीबी न घेता सांगितलं. म्हणाले, "लेक तुमाला दिली ती दिलीच. शब्द तेवढा परत द्या. तो माझा न्हवता, तिचा होता. मी तिला न इचारता दिला."

तिनं सुपातनं मान वर केली न्हाय. म्हणाली, "दिलेला शब्द परत न्यायला तो काय उसना नेलेला तांब्या हाय?"

मी म्हणाले, थुकलेलं गिळते म्हणा, चार माणसांत म्हणा, माझी हरकत न्हाय. तवा तिनं सूप बाजूला ठेवलं. ती म्हणाली, तुमचा एकटीचा असता तर बघितलं असतं, पण मोठ्या भावानं भर बैठकीत हो म्हटलंय, त्याचं काय? मी सांगितलं, दादाला तवा ऐकूच आलं न्हवतं. तर हसली. म्हणाली, आता सोयीचं म्हणून बहिरा केला का? त्यांनी त्यांच्या तोंडानं येऊन सांगावं की त्यांना ऐकू येत न्हाय. मग मी इचार करते.

तिला तू चांगलाच कळलायस, दादा. तिला ठाऊक हाय की तू येणार न्हाईस. चाळीस वर्सं नक्षीवाले हिंदुराव म्हणून मिरवलास, नव्या पेठेत दुकानदार तुला उठून खुर्ची देतात. तो माणूस चार परक्या लोकांत उभा राहून मी बहिरा हाय म्हणंल व्हय?

संस्कृती दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. येताना पाया पडली, पण नुसतीच वाकली, पायाला हात लावला न्हाय. एवढ्या वर्सांत पहिल्यांदा.

शनिवारी पाच तारीख हाय. माझं मी केलं. मला राग तुझा हाय, माझा हाय, विहिणीचा हाय, कुणाचा जास्त ते मला सांगता येईना. तू काय करतोस ते बघ.

गोजा

•

सोलापूर, ५ एप्रिल २०२५, शनिवार दुपार

गोजे,

तुझं पत्र परवा आलं. वाचून ते घरभर तीनदा फेकलं आणि तीनदा उचललं. काल सकाळी साडेसातच्या एसटीनं मंगळवेढ्याला गेलो.

घरात सगळे होते. विहीणबाई, अभिमन्यू, त्याचा चुलता, आणि बाणाला हसलेल्या बायकांतल्या दोघी, तोंडं बघूनच ओळखल्या. गूळ-पाणी आलं. विहीणबाई काहीतरी बोलल्या. माझी मान सवयीनं हलायला लागली, आणि मी ती हातानं धरली. खरंच सांगतो, हनुवटीखाली हात लावून धरली.

मग उभा राहिलो. म्हणालो, "मला ऐकू येत नाही. बैठकीच्या दिवशीही एक शब्द आला नव्हता. मी मान हलवली ती लाजेनं हलवली. ती मान कबुली धरू नका."

चुलता विहीणबाईंकडे बघून काहीतरी म्हणाला. सगळे हसले की नाही, मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बसलो असतो. मी म्हणालो, आता जिचं आहे तिला विचारतो. संस्कृतीला बोलावलं. ती समोर आली, ओठ हलले. मी म्हणालो, पोरी, मला ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, अजून मोठ्यानं. खरंच ऐकू आलं नव्हतं गं, मी नाटक करत नव्हतो. तशी ती माझ्या कानाशी आली आणि ओरडली, "मला शाळेत जायचंय!"

समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. गल्लीतली दोन दारं उघडली. पोरगी तांबडीलाल झाली होती, आणि मला वाटतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी तिनं आणखी एकदा म्हटलं.

विहीणबाई उठून आत गेल्या. त्या मग बाहेर आल्या नाहीत. पण आतून काही फेकलंही नाही, दारही लावलं नाही. त्यावरून मी पुढचं काही गृहीत धरत नाही. त्या आज ना उद्या बोलतील, आणि चांगलं बोलणार नाहीत.

अभिमन्यू खांबाला टेकून होता. त्याचेही ओठ हलले. मी म्हणालो, "जावईबापू, तुम्हीसुद्धा मोठ्यानं." त्यानं एकदा आतल्या दाराकडं बघितलं, घसा साफ केला, आणि म्हणाला, "मी गाडी काढतो." हे मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. गाडीवर तिला नि तिच्या पिशवीला घेऊन तो इथवर आला. मी मागनं एसटीनं. रात्री तो परत गेला. जाताना काय ठरलं ते मी विचारलं नाही, ते त्या दोघांचं आहे.

आज सकाळी सात वाजता ती शाळेत हजर झाली. मी फाटकापर्यंत गेलो होतो. दहा मिनिटांत शिपाई बाहेर येऊन सांगून गेला, सही झाली म्हणून. आता मी "काय?" विचारतो, लाजत नाही. त्याला तीनदा सांगायला लावलं.

तुझ्यावरचा राग तसाच आहे. "विकली" हा शब्द मी मागे घेत नाही, पण त्यात माझाही हात होता, एवढं लिहून देतो. पोरगीही तुझं नाव काढलं की उठून जाते. ते तुलाच तिच्याशी बोलून मिटवावं लागेल, पत्रानं व्हायचं नाही. मी मध्ये पडणार नाही.

पण एक आहे. तिचे वर्ग सकाळचे. मी केलेली भाकरी तिनं आज डब्यात नेली आणि तशीच परत आणली. म्हणाली, भूक नव्हती. मी ती भाकरी मोडून बघितली, मला मोडली नाही. सोमवारपासून रोज शाळा आहे. हे पत्र हातात पडेल त्या दिवशीच्या गाडीनं ये. भांडायचं असेल तर भांड, दोघांशीही भांड, पण पीठ मळून झाल्यावर.

हिंदुराव